पुन्हाराव सरळ जातात

बाकीची माणसं सकाळी घराबाहेर एकदा पडतात, पुन्हाराव दोनदा पडत. पहिल्या खेपेला दार ओढून घ्यायचं, कुलूप लावायचं, ते दोन्ही हातांनी हिसकून बघायचं आणि कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानापर्यंत जायचं. तिथे पावलं आपोआप जड होत. घरातून कुणीतरी हाक मारलीय आणि ती फक्त आपल्यालाच ऐकू आलीय, असा भाव चेहऱ्यावर येई. मग उलट पावली घर, कुलूप उघडणं, पुन्हा लावणं, पुन्हा हिसकणं, आणि तेव्हा कुठे स्वारी खरोखरीची कामाला निघे. चष्मेवाला पहिल्या खेपेला त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसे. "दुसऱ्या फेरीला हात करतो," तो म्हणे. "उगाच एक हात वाया कशाला घालवा?"

हे नाव आईबापांनी ठेवलेलं नाही, हे सांगायला नकोच. कामावरच्या सोबत्यांनी ते ठेवलं आणि इतकं चपखल बसलं, की भांडण झालं की बायकोही तेच वापरायला लागली. धंदा लिफ्टदुरुस्तीचा. बंद पडलेली लिफ्ट हलली, की इतर मिस्त्री हत्यारं गोळा करून चहाच्या मागे लागत. हे मात्र पुन्हा वर जात, पुन्हा खाली येत, एकेक दांडी, एकेक खटका बंद करून उघडून बघत. हलवून बघितल्याशिवाय कशावर विश्वास टाकायचा नाही, हा त्यांचा बाणा.

"अहो, झाली ना सुरू? मग सोडा की आम्हाला वर!" सामानाच्या पिशव्या घेऊन ताटकळलेली माणसं कावत.

"अजून एकदा," पुन्हाराव म्हणत.

त्यांच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांनाही एक गोष्ट मात्र मान्य करावी लागे. त्यांचा हात लागलेली लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे लटकली, असं कधी ऐकिवात आलं नाही.

अशा माणसाने विमान बांधायला काढलं.

लोकांनी याची कारणं शोधली नसती तरच नवल. त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, टायरचं दुकान चालवायचा आणि दिवसभर पंक्चर काढता काढता जगाची उणीदुणी काढायचा. त्याच्या मते दाजींना ताईच्या तोंडापासून लांब जायचं होतं आणि जमिनीवर तेवढी लांब जागा शिल्लक नव्हती. खरं कारण त्याहून साधं होतं. एका उंच इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीबाहेर बसून पुन्हाराव एकदा डबा खात होते. समोरून एक चिमुकलं विमान गेलं, अगदी गच्चीच्या उंचीवरून. आतल्या माणसाने त्यांना हात केला. संध्याकाळी घरी येऊन ते बायकोला एवढंच म्हणाले, "तो माणूस माझ्याच मजल्यावर होता गं."

सगळा जन्म काळोख्या उभ्या भुयारात माणसांना वर नेऊन खाली आणण्यात गेलेला. वर गेलं तरी छतच. त्या दिवसापासून ते छत त्यांना टोचायला लागलं.

नकाशे मागवले गेले. जेवणाच्या टेबलावर पंखाच्या फासळ्या पसरल्या आणि घरातली माणसं ओट्याशी उभ्याने जेवायला लागली. पाहुणे आले, की त्यांना आधी शेपटीवरून पाय उचलायला सांगावं लागे. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून चढवलेलं कापड, शेजारी शेजारी दोन सीट आणि नाकाशी एक छोटं इंजिन, असा सगळा बेत. काम ढकलगाडीसारखं चाले, कारण चिकटवलेला सांधा पुन्हारावांना पटेना, मग तो सोडवून पुन्हा चिकटवायचा.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "पाखरंसुद्धा एवढा वेळ लावत नाहीत. आणि त्यांना तर हातही नसतात."

बायको लाँड्रीच्या काउंटरवर कामाला होती. पंखांवरचं कापड गरम इस्त्रीने आकसून ताठ करायचं असतं हे कळल्यावर तिने नवऱ्याच्या हातातून इस्त्री काढून घेतली. "तुम्ही एकच जागा चारदा इस्त्री कराल आणि जाळून ठेवाल," ती म्हणाली. दोन्ही पंख तिने एकटीने केले. चादरीवर असते तेवढीसुद्धा सुरकुती राहिली नाही. काम झाल्यावर इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाली, "यात मी बसणार आहे. आधी सांगून ठेवते. नुसती इस्त्री करून हात हलवत उभी राहणार नाही."

पुन्हारावांना तेव्हा झालेला आनंद त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिला नाही, पण त्या रात्रीच्या भाजीला त्यांनी नावं ठेवली नाहीत, त्यावरून सगळ्यांनी काय ते ओळखलं.

आता अडचण होती ती बाईंची. गावाबाहेरच्या छोट्या धावपट्टीवर विमान शिकवणाऱ्या या बाई पूर्वी पिकांवर औषध फवारायच्या विमानात होत्या. झाडांच्या शेंड्यांना चाटून उडण्यात त्यांचं तारुण्य गेलं होतं आणि त्यामुळे त्यांना कुणाचीच भीडभाड राहिली नव्हती. पुन्हाराव त्यांच्याकडे उडायला शिकले, चांगले शिकले. पण एका धड्याला येऊन गाडं अडलं.

"हे बघा," बाई म्हणायच्या, "उडाल्या उडाल्या इंजिनाचा जोर गेला, तर काय करायचं?"

"नाक खाली. सरळ पुढे. समोर जे मिळेल त्यात उतरायचं."

"आणि मागे धावपट्टी दिसतेय, एवढी मोठी, छान, आपली ओळखीची. तिचं काय?"

पुन्हारावांची नजर धावपट्टीकडे गेली.

"बघा! तोंडावर दिसतंय तुमच्या. तुम्ही वळणार." बाई हताश होऊन हात झटकायच्या. "अहो, वळण फुकट मिळत नसतं. ते उंची खातं. खालून उंची संपली, की विमान पंखावर कोसळतं. आणि इंजिन ठार बंद पडलं तर एक वेळ बरं, माणूस निमूट उतरतो. अर्धंमुर्धं चालत राहिलं ना, की माणूस आशेला लागतो. मी ओळखीची दोन माणसं त्या आशेपायी घालवलीत."

एकदा त्यांनी पुन्हारावांना खूप उंच नेलं आणि तिथे इंजिन मंद करून वळायला लावलं. मग उंचीच्या काट्याकडे बोट दाखवलं. पुन्हाराव उंची नेहमी मजल्यांत मोजत. त्या एका वळणात पंचवीस-तीस मजल्यांची आख्खी इमारत त्यांच्या बुडाखालून नाहीशी झाली. त्यांना ते पटलं. पण पटणं डोक्यात असतं आणि वळणं मानेत.

शेवटी बाईंनी फर्मान काढलं. "घरून निघताना मागे वळायचं बंद करा. कुलूप एकदा लावायचं आणि चालू पडायचं. ते जमेपर्यंत तुमच्या शेजारची सीट रिकामी. बायकोला घेऊन वळलात तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

पहिला आठवडा पुन्हारावांनी दात-ओठ खाऊन काढला. चष्म्याच्या दुकानाशी घाम फुटे, पण गडी वळत नसे. बाई खूश झाल्या. मग बिंग फुटलं. पुन्हाराव दुकानापुढे गेले, की मागून चष्मेवाला गिऱ्हाईक सोडून उठे, त्यांच्या दाराशी जाऊन कुलूप हिसके आणि फोनवर "आहे, आहे, लागलेलं आहे" असं कळवे. ही बातमी बाईंच्या कानावर घातली खुद्द बायकोने.

"माझ्याच चहाड्या करतेस?" पुन्हाराव तावातावाने म्हणाले.

"मला त्या विमानात बसायचंय," ती शांतपणे म्हणाली. "मग कुणाच्या करू? चष्मेवाल्याच्या?"

बाई खूप हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. "एकट्याने पहिलं उड्डाण करा," त्या म्हणाल्या. "ते काही मी अडवत नाही, विमान चांगलं झालंय. शेजारच्या सीटचं नंतर बघू."

तर ती सकाळ. वारा पडलेला, गवतावर दव. धावपट्टीच्या कडेला बायको पिवळा स्वेटर घालून उभी. तिच्याशेजारी मेहुणा, दुकान बंद ठेवून आलेला, म्हणजे प्रसंग किती मोठा ते समजून घ्या. बाई हातात वायरलेस घेऊन. पुन्हारावांनी सगळी तपासणी रीतसर केली, तोंडाने एकेक गोष्ट म्हणत, बोट लावत. दोन सीटच्या मधे खाली पेट्रोलचा कॉक होता, नळाच्या तोटीसारखा. दांडी विमानाच्या लांबीला धरून म्हणजे उघडा, आडवी म्हणजे बंद. उघडा होता. इंजिन सुरू झालं, विमान डुलत डुलत धावपट्टीच्या टोकाशी गेलं. निघायचं, बस.

आणि मानेत ती जुनी हाक आली.

ते खाली वाकले. कॉक उघडाच होता. पण नुसतं बघून त्यांचं कधी समाधान झालंय का? त्यांनी तो बंद केला आणि पुन्हा उघडायला घेतला. हलवून बघितल्याशिवाय विश्वास टाकायचा नाही. दांडी अर्ध्यावर आली असेल नसेल, तोच कानात बाईंचा आवाज कडाडला, "काय हो, निघताय, की आम्ही घरी जाऊन जेवून येऊ?"

पुन्हाराव दचकून ताठ बसले. हात इंजिनाचा जोर वाढवायच्या दांड्यावर, थ्रॉटलवर गेला.

विमान उडालं. किती सहज उडालं! गवत सुटलं, चाकांचा खडखडाट थांबला, आणि घरात ज्याला ठेचकाळून ठेचकाळून सगळ्यांच्या नडग्या फुटल्या होत्या ते लाकूड आणि कापड एकाएकी हलकं झालं. पाचवा मजला, दहावा, पंधरावा. छत कुठेच नव्हतं. खाली मेहुणा दोन्ही हात वर करून नाचत होता आणि बायको मात्र हलत नव्हती, एवढं त्यांना ओझरतं दिसलं.

पंचविसाव्या मजल्याच्या सुमाराला इंजिनाचा सूर उतरला.

बंद नाही पडलं. खोकलं नाही. कुणी गाता गाता विचारात पडावं, तसा त्याचा आवाज खाली आला. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा घसरला. थ्रॉटल पुढे होतंच, अजून पुढे जायला जागा नव्हती. मधेच क्षणभर जोर येई आणि पुन्हा जाई. विमान चढेना, आणि मग हळूहळू उतरायला लागलं.

पुन्हारावांचा हात त्यांना न विचारता डावीकडे झुकला. पंख कलला. खांद्यावरून त्यांना धावपट्टी दिसली, एवढी मोठी, छान, आपली ओळखीची, आणि तिच्या कडेला एक पिवळा ठिपका. इंजिनाने तेवढ्यात थोडा जोर पकडला. चल, म्हणालं जणू, पोचवतो तुला.

त्या ठिपक्याकडे बघतानाच त्यांच्या मनात आलं, की आपण आत्ता कुलपाकडे बघतोय. तोच जडपणा, तीच हाक. आयुष्यभर त्या हाकेला ओ दिल्यामुळे काही बिघडलं नव्हतं, कारण आयुष्यभर पायाखाली रस्ता होता. इथे रस्ता नव्हता. इथे पंचवीस मजले होते आणि वळण तेवढेच खाणार होतं.

त्यांनी मान पुढे केली. पंख सरळ केला. नाक खाली. समोर एक रस्ता, पलीकडे विजेच्या तारा, आणि रस्त्याच्या अलीकडे कोबीचं लांबलचक शेत. कोबी.

"सरळ जातोय," ते वायरलेसवर म्हणाले. बाईंनी उत्तर दिलं नाही. नंतर त्या म्हणाल्या, की त्यांच्या तोंडातून शब्दच फुटला नाही, आणि असं त्यांचं जन्मात झालं नव्हतं.

दहावा मजला. सहावा. उतरण्याआधी पेट्रोल बंद करायचं, हे बाईंनी घोकून घेतलेलं. पुन्हारावांनी समोरची नजर न हलवता हात खाली घातला आणि कॉकची दांडी धरली.

दांडी तिरपी होती. उघडीही नाही, बंदही नाही. दोन मजल्यांच्या मधे लटकलेली.

हाताला ते एका क्षणात कळलं, डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. बिघाड असा काही नव्हताच! जरा दांडी सरळ केली की पेट्रोल धो धो, इंजिन पुन्हा गाणार, विमान वर, धावपट्टीला वळसा, आणि कुणाला काही पत्ता नाही. फक्त एकदा. अजून एकदा.

खाली कोबीचे गड्डे वेगवेगळे दिसायला लागले होते. समोर तारा.

पुन्हारावांनी कॉक बंद केला.

मग सगळी शांतता, वाऱ्याची शीळ, आणि धाड, धाड, धाड असे गड्डे फुटल्याचे आवाज. डावीकडचा चाकाचा पाय मोडला, विमान अर्धवट गिरकी घेऊन नाकावर टेकलं, नाकावरचा लाकडी पंखा तुटून एक तुकडा कुठल्या कुठे उडाला. पुन्हाराव पट्ट्यात लोंबकळत बसून राहिले. अंगावर कोबीची पानं होती.

शेताची मालकीण सगळ्यांत आधी पोचली. गुडघ्यापर्यंत बूट घातलेली धिप्पाड बाई.

"लागलंय का?" तिने विचारलं.

"नाही वाटतं."

"कोबीला लागलंय," ती म्हणाली, आणि मग जवळ येऊन त्यांचा हात तिने आपल्या मातीच्या हातात धरून ठेवला, बाकीचे येईपर्यंत.

मेहुणा धापा टाकत आला. दाजी सगळे जागच्या जागी आहेत हे बघितल्यावर त्याचं तोंड सुटलं. "इंजिन विकणारा चोर आहे! मी म्हणत नव्हतो? सोडत नाही त्याला. दाजी, तुम्ही कमाल केलीत, सरळ! तुम्ही, आणि सरळ!"

बायको मागून सावकाश येत होती. पायाखाली बघत, गड्डे चुकवत. बाई तिच्याबरोबर होत्या.

आत्ता गप्प राहिलं असतं तर भागलं असतं. कॉक बंद होता, जसा असायला हवा तसाच. चोर ठरायला इंजिनवाला तयार होता. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मेहुणा त्यांच्याबद्दल चार शब्द बरे बोलत होता.

"इंजिनाचं काही नाही," पुन्हाराव म्हणाले. "कॉक अर्धा होता. मीच निघताना हलवून बघत होतो."

मेहुण्याचं तोंड उघडंच राहिलं. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"मी ओरडले तेव्हा?" त्यांनी विचारलं.

"हो. पण तुम्ही ओरडायच्या आधी तो उघडाच होता. मी हात लावायचं काही कारण नव्हतं."

"म्हणजे अर्धी चूक माझ्याकडे लागली," बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "कॉक अर्धा आहे हे कधी कळलं तुम्हाला?"

"उतरताना. बंद करायला हात घातला तेव्हा."

"म्हणजे वरच होतात. मग उघडला का नाहीत?"

पुन्हारावांनी तारांकडे बघितलं. बाईंनीही बघितलं. इंजिन आलं असतं कदाचित, पण लगेच नाही, दोन-तीन श्वासांनी, आणि तेवढ्यात त्या तारा आल्या असत्या.  बाईंनी एक फुटका गड्डा उचलला आणि उगाचच त्याची पानं काढत बसल्या.

 बायको कललेल्या पंखाभोवती फिरून आली, फाटलेल्या कापडावरून हात फिरवला. मग म्हणाली, "आधी थोडे वळला होतात तुम्ही. मी बघितलं."

"हो."

"मी तेव्हा डोळे मिटणार होते. नाही मिटले." ती नवऱ्याच्या केसांतलं पान काढत म्हणाली, "हा पंख पुन्हा इस्त्री करावा लागणार. उतरा आता खाली, किती वेळ लोंबकळताय!"

त्यानंतर बरेच दिवस त्या घरात कोबी शिजत होता. मालकिणीने फुटलेले सगळे गड्डे पोत्यात भरून पाठवले होते, वर निरोप, की फोडलेत तुम्ही, खा तुम्ही. दुरुस्ती चालली. आणि गंमत बघा, या खेपेला चिकटवलेले सांधे पुन्हारावांनी सोडवले नाहीत. मेहुण्याने सुचवलं, की कॉकवर झाकण बसवा, नाहीतर बारीक तारेने दांडी बांधून टाका. पुन्हारावांनी खरंच तार लावली. मग ती नीट बसलीय का हे बघायला ती इतक्या वेळा काढली आणि घातली, की तार तुटली. सवय काही एका शेतात उतरून गेलेली नव्हती. चष्म्याच्या दुकानाशी पावलं अजूनही जड होत. फरक एवढाच, की आता ती जड झालीत हे पुन्हारावांना कळे, आणि एखाद्या दिवशी ते तशाच जड पावलांनी पुढे जात. चष्मेवाल्याची पंचाईत झाली. हात पहिल्या फेरीला करायचा की दुसऱ्या, याचा अंदाज लागेना.

विमान पुन्हा एकट्याने उडवून झालं, तेही बऱ्याचदा. एक दिवस बाईंनी उजवीकडच्या सीटवरची आपली पिशवी उचलली आणि बायकोला म्हणाल्या, "बसा. पण तुमच्याकडे एक काम आहे."

"माहितीय मला," ती म्हणाली.

धावपट्टीच्या टोकाशी पुन्हारावांनी सगळं म्हणून घेतलं, बोट लावून. कॉक उघडा. त्यांनी बोट उचलताक्षणी बायकोने आपला तळहात दांडीवर ठेवला.

"अगं, जरा एकदाच—"

"नाही."

"बरोबर आहे का बघतो फक्त."

"बरोबर आहे. मी बघितलंय. चला."

वायरलेसवर बाई काहीच बोलल्या नाहीत. आता त्या या वेळी कधीच बोलत नसत.

गवत सुटलं. पाचवा मजला, दहावा, विसावा. पंचविसाव्याला पुन्हारावांनी श्वास धरला. इंजिन गातच राहिलं. खालून कोबीचं शेत गेलं, तिथे आता दुसरंच काहीतरी लावलेलं होतं. बायकोने एकदा मागे वळून गाव बघितलं, चष्म्याचं दुकान कुठे असेल ते शोधलं, आणि मग अगदी सहज आवाजात म्हणाली, "अहो, घराला कुलूप लावलं ना तुम्ही?"

पुन्हारावांची मान ताठ झाली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"माहीत नाही," ते समोर बघत म्हणाले.

बायकोच्या बोटात किल्ली अडकवलेली होती. दार तिनेच लावलं होतं, सकाळी, त्यांच्या मागून निघताना. ती ते बोलली नाही. तळहात तसाच दांडीवर होता, त्याखाली किल्ली जराशी रुतत होती, आणि ते चाळिसाव्या मजल्यावर होते.